फाल्गुनातली पहिली हाक

फाल्गुनावर माझा विश्वास नाही. सकाळी एक आणि दुपारी दुसरं बोलणारा माणूस बाजारात भेटला, तर मी त्याच्या पायरीवर पुन्हा पाय ठेवत नाही. या महिन्याच्या पायरीवर मात्र चाळीस वर्षं चढतो आहे, कारण माझी चिंच त्याच्या हातात असते. पहाटे रजई लागते. ती घडी करून ठेवावी, तोवर अंगणातली फरशी तळपायाला चटके देऊ लागते. दुपारी पैनगंगेच्या बाजूनं एक काळा पट्टा वर येतो, वारा पडतो, कुत्री भुंकायची थांबतात. मग एकतर काहीच होत नाही, नाहीतर गारांनी दहा मिनिटांत वर्षाचं वाटोळं होऊन जातं.

यंदाही तो आला आहे. आदिलाबादला हायवेच्या कडेला माझं टिनाचं गोदाम आहे; त्याच्या मागच्या पळसाला पान एक उरलेलं नाही, नुसती लाल चोचींची गर्दी. शेताशेतांत कापूस वेचून उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग पडलेत. बेल्याकडच्या रानातून मोटारसायकलवर आलं, की कपड्यांना मोहाच्या फुलांचा वास लागतो, गोड आणि जरासा आंबलेला. गोदामाच्या अंगणात ताडपत्र्यांवर चिंच पसरलेली आहे, आणि बाया दगडावर शेंग ठेवून चिंचोके काढतात, त्याची टकटक सकाळपासून चालू असते. ही टकटक मला आवडते. पण या महिन्यात ती ऐकताना माझा एक कान दुसरीकडे असतो. माझी मुलगी अर्चना नऊ वर्षांपूर्वी याच महिन्यात माझ्या घरातून गेली. ती परत आलेली नाही.

मी चिंचेचा व्यापारी, झाडावरची चिंच घेणारा. म्हणजे झाड शेतकऱ्याचं, त्या वर्षाची शेंग माझी. भाड्याची सायकल आणि मागं बांधलेलं रिकामं पोतं, इथून मी सुरुवात केली. बापाकडून मला मिळाला तो त्याचा संताप. बाकी जे आहे, ते मी एकेका झाडाखाली उभं राहून, भांडून, हसून, घासाघीस करून मिळवलं. दिलेलं काय असतं, हे मला फारसं ठाऊक नाही.

झाडाचा सौदा करायला डोळे लागतात, कान लागतात आणि पाय लागतात. आधी झाडाभोवती तीन फेऱ्या मारायच्या. मग एक शेंग तोडून कानाजवळ हलवायची. आत खुळखुळ वाजलं, तर टरफल सुटलं, गर वाळला, झाड तयार आहे. मग तोंड वाकडं करायचं. शेतकरी आकडा सांगतो. पहिला आकडा कधी मान्य करायचा नसतो, तो कितीही चांगला असला तरी. आपण आपला सांगायचा. तो हसतो, आपण हसतो. आणि मग येतो खरा भाग. गमछा खांद्यावर टाकायचा, 'मंग राहू द्या' म्हणायचं आणि चालू लागायचं.

हे उठून जाणं जमायला मला दहा वर्षं लागली. फार भराभर चाललं तर समोरच्याला वाटतं खरंच गेला. फार सावकाश चाललं तर त्याला कळतं, हा वळणार. पाठीत राग दिसू द्यायचा नाही. आणि हाक आली, की लगेच वळायचं नाही. पहिली हाक जिभेची असते, दुसरी पोटातून येते. दुसऱ्या हाकेला वळायचं.

अर्चना आठ-नऊ वर्षांची असताना सुट्टीच्या दिवशी सायकलच्या दांडीवर बसून माझ्याबरोबर यायची. मला तेलुगू बाजारापुरतंच येतं. तिला शाळेमुळे चांगलं यायचं. मी मराठीत जेवढा आकडा पाडायचो, त्याहून ती तेलुगूत थोडा जास्तच पाडून सांगायची, आणि वर भोळं तोंड करून उभी राहायची. एकदा नदीकाठच्या एका गावात आम्ही असेच उठून निघालो. तिचं बोट माझ्या मुठीत. मागून हाक आली, "ओ सेठ, या इकडं!" ती वळायला लागली. मी तिचं बोट दाबलं.

"पहिल्या हाकेले नाई वळाचं, अर्चू."

"काऊन?"

"आपली गरज दिसते."

"त्यानं दुसरी मारलीच नाई तं?"

"मारते. सारेच मारतात."

बांधापर्यंत गेलो तेव्हा दुसरी हाक आली. तिनंच माझं बोट दाबलं, आणि आम्ही दोघं एकदम वळलो. त्या दिवशी घरी जाताना गारा पडल्या. आम्ही चिंचेच्याच बुंध्याला टेकून उभे राहिलो. तिनं फ्रॉकचा ओचा करून गारा गोळा केल्या, आईला दाखवायला. घरी पोचेपर्यंत ओचा नुसता ओला. रडली नाही. म्हणाली, "बाबा, या महिन्याचा मालच खोटा हाये." पुढं आठवडाभर तिनं घरात उच्छाद मांडला. आईनं जेवायला हाक मारली, की ही पाठ करून उभी. दुसऱ्या हाकेला वळायची. तिसऱ्या दिवशी पाठीत धपाटा बसला, तेव्हा माझ्याकडे पाहून हसली. मीही हसलो. आज लिहिताना वाटतं, तो धपाटा मला बसायला हवा होता.

या एका महिन्यात देशात किती महिने नांदतात, ते व्यापाऱ्याला कळतं तेवढं पंचांगवाल्याला कळत नाही. माझी सकाळ फोनवर सुरू होते. जगदलपूरला वळीव झाला का, तुमकूरला ऊन कसं आहे, मदुराईच्या बाजूला ढग आहेत का. कुठं झोडपून पाऊस, कुठं नुसती धूळ, कुठं घाम, कुठं अजून शेकोटी. चिंच मात्र सगळीकडे एकाच वेळी पिकायला बसलेली. जगदलपूरचा माझा व्यापारी मित्र मोठा गोड बोलतो. "हवा कैसी है, भाई?" म्हटलं, की "एकदम साफ है, सेठ" म्हणतो, आणि त्याच्या मागं टिनांवर पाऊस वाजत असलेला मला ऐकू येतो. माल भिजला की तो 'साफ' सांगतो. आकाश लख्ख असलं की 'बहुत पानी गिरा, माल कम आयेगा' म्हणतो. मीही तेच करतो. हवेबद्दल खरं बोलणारा व्यापारी मी पाहिलेला नाही, आरशातही नाही.

आता फोनवरच सगळ्या गावांची हवा दिसते, त्यामुळे खोटं बोलण्यातली मजा गेली. माझ्या फोनमध्ये यादी आहे. आदिलाबाद, जगदलपूर, तुमकूर, मदुराई. त्याखाली जैसलमेर. त्याखाली शिलाँग. त्याखाली पठाणकोट.

एकदा माझी बायको कमल खांद्यावरून डोकावली.

"अवं, जैसलमेरात चिंच होते का?"

"नाई होत."

"मंग काऊन पाहून राह्यले?"

"रेतीत काय होते, ते पाहून राह्यलो."

ती पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला गेली की रडायला, ते मी विचारलं नाही.

जावई फौजेत आहे. दर दोन-तीन वर्षांनी त्याची बदली होते आणि माझ्या यादीत एक गाव वाढतं. जुनं गाव मी काढून टाकत नाही. अशा रीतीनं, ज्या मुलखांत मी कधी पाय ठेवला नाही, तिथला फाल्गुन मला पाठ झाला. जैसलमेरला दिवसा वाळू उडते आणि पहाटे दात वाजतात. पहाटेचा आकडा खाली उतरला, की मी गोदामात त्या दिवशी कोणावर तरी ओरडायचो. शिलाँगला या महिन्यात पाऊस असा येतो, जसा काही आपल्याच घरात शिरतो आहे. मी ढगाची ती खूण पाहायचो आणि वाटायचं, हिचे कपडे वाळत असतील की नाही. पठाणकोटला गहू अजून हिरवा असतो, पलीकडे डोंगरांवर बर्फ, आणि एखाद्या दुपारी तिकडून असा गार वारा सुटतो, की काढलेला स्वेटर पुन्हा घालावा लागतो. हे मला फोननं सांगितलं नाही. हे मी चोरून ऐकलं.

कमल दर रविवारी तिच्याशी बोलते. ओट्यावर बसते आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवते. तिला कानानं कमी ऐकू येतं म्हणून, असं ती म्हणते. तिचे कान शेजारच्या भांडणातलं अक्षर न् अक्षर टिपतात. मी आत पेपर धरून बसतो. अर्चनाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"आई, तिकडं हवा कशी हाये?"

"बदलून राह्यली."

"पाणी पडलं का?"

"आलतं. गेलं."

यातलं कोणतं वाक्य कोणासाठी असतं, ते आम्हा तिघांनाही कळतं. एकदा माझ्या नातीचा आवाज आला. सहा वर्षांची आहे. मी तिला फोटोतच पाहिलं आहे. तिला मराठीपेक्षा हिंदी बरी येते. "नानी, आपके यहाँ ओले गिरते हैं?" गारांचं विचारत होती. कमल आमच्या इकडच्या हिंदीत म्हणाली, "गिरते हैं, बाई. तेरे नाना कू सब मालूम." पेपरातली एक ओळ मी बऱ्याच वेळा वाचली.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. होळी होऊन दोन दिवस झाले होते. रंगपंचमीचं वारं अंगणात होतं. निर्मलला माझा मेहुणा बंडू राहतो. आमचं घर आदिलाबादला, मुलाचं मुधोळला, निर्मल मधे. म्हणून बोलणी बंडूच्या अंगणात, टिनाच्या मांडवाखाली ठेवली होती. मुलगा अर्चनाला पसंत होता. अर्चना त्याला पसंत होती. कमलला दोघं पसंत होते. मुलाचे वडील शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, स्वच्छ धोतर, सावकाश बोलणं. पोहे झाले, चहा झाला. देण्याघेण्याचा प्रश्नच त्यांनी काढला नाही, त्यामुळे मी आधीच थोडा अस्वस्थ होतो; घासायला काही राहिलंच नव्हतं. राहिली होती फक्त तारीख.

गुरुजी म्हणाले, मुलाची सुट्टी पाडव्यानंतर संपते, तर बारा दिवसांत उरकू.

मी म्हटलं, "अक्षय तृतीयेनंतर पाहू. आता सीजन हाये."

गुरुजी हसले. "पाव्हणं, फौजेची सुट्टी चिंच बघून देत नसतात."

मांडवातले लोक हसले. वाईट हसले नाहीत, आता कळतं. तारखेत माझं काही अडलेलं नव्हतं. चार माणसं जास्त लावली असती, तर चिंच उतरली असती आणि लग्नही झालं असतं. पण समोरच्यानं सांगितलेला पहिला आकडा मान्य करणं माझ्या अंगातच नाही, मग तो भावाचा असो की तारखेचा. आणि चिंचेवरून मला कोणी हसलं, की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. त्याच चिंचेनं मी मुलीला शिकवलं होतं. मी गमछा खांद्यावर टाकला. म्हटलं, "मंग राहू द्या." आणि चालू लागलो.

सकाळी निर्मलचा घाट उतरताना काच खाली करवत नव्हती इतकी थंडी होती. बारा वाजता अंगणात उभं राहवत नव्हतं. आणि मी फाटकापाशी पोचलो तेव्हा आभाळ एकदम खाली आलं, आणि पहिली गार माझ्या पायापुढे पडून फुटली. गल्लीच्या टोकाला माझी जीप होती. मी सौद्यातल्या चालीनं, सावकाश, तिच्यापर्यंत गेलो. आत बसलो. टपावर गारा वाजत होत्या. मी वाट पाहिली. बंडू येईल, गुरुजी येतील, निदान एखादा म्हातारा पाहुणा छत्री घेऊन येईल. दहा-बारा माणसं होती तिथं, त्यात माझी बायको, माझा मेहुणा. एकानंही हाक मारली नाही. गारा थांबल्या, ऊन पडलं, पाखरं बोलायला लागली. मी जीप सुरू केली आणि एकटाच घाट चढलो. रस्ताभर झोडपलेल्या सागाच्या पानांचा हिरवा, कडवट वास होता.

लग्न बंडूच्या दारात झालं, गुरुजींच्या तारखेला. त्याआधी बंडू अक्षता घेऊन आला होता.

"भाऊजी, चला. तुमच्याबगर कसं?"

"बोलवाले आला, का सांगाले आला?"

"हात जोडतो तुमाले."

"हात जोडाले नव्हतं लागत. हाक माराले लागत होती."

लग्नाच्या दिवशी मी नदीकाठी एका झाडाखाली होतो. असं स्वच्छ आभाळ त्या महिन्यात मी पाहिलेलं नव्हतं. एक ढग नाही, जणू कोणी पुसून ठेवलेलं. झाड अप्रतिम होतं. आकड्यावर जमलं नाही, मी निघालो. शेतकऱ्यानं पहिली हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारली. मी शेत संपेपर्यंत चालत राहिलो. ते झाड दुसऱ्यानं घेतलं.

त्यानंतर अर्चना माहेरी आली नाही. दोन वर्षांनी एकदा पाडव्याला ते मुधोळला जातात. नागपूरपर्यंत रेल्वे, पुढं भाड्याची गाडी. ती गाडी हायवेनं, माझ्या गोदामासमोरून जाते. दुसरा रस्ताच नाही. आणि ती आदिलाबादला थांबत नाही. कमल आदल्या दिवशी बसनं निर्मलला जाते आणि लेकीला भावाच्या घरी भेटून येते. मागच्या खेपेला मी गोदामाचं शटर अर्धं ओढून आत उभा राहिलो होतो. एका पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेला लहान हात चिकटलेला दिसला. तीच असेल असं वाटलं. मग दुसरी पांढरी गाडी गेली, मग तिसरी. या देशात सगळ्यांनी पांढऱ्याच गाड्या का घ्याव्यात, याचा मला त्या दिवशी फार राग आला.

यंदा कमल जायची तयारी करत होती. पिशवीत शेवया, पापड, तिळाची चटणी. मी चिनी मातीची बरणी तिच्यापुढे ठेवली. त्यात चिंच होती, चिंचोके काढलेली, शिरा काढलेली, मीठ लावून दाबलेली. दर खेपेला ठेवतो.

"उरलेली हाये," मी म्हटलं. "नेऊन टाक."

"हो. उरलेली." तिनं बरणीचं झाकण उघडून वास घेतला. "एक शीर नाई हिच्यात. तिले मालूम हाये, कोणाच्या हातची उरली ते."

"मालूम हाये तं येत काऊन नाई?"

"तुमी बलावलं का?"

"मी काऊन बलावू? मले कोणं बलावलं होतं? भरल्या मांडवातून उठून गेलो. एकानंबी हाक नाई मारली."

कमल पिशवीचा बंद बांधत होती. तो बांधून झाल्यावर म्हणाली, "एकानं मारली."

मी खांद्यावरचा गमछा सारखा केला.

"नऊ वर्सं मी वाट पाहून राह्यली, तुमी कवा म्हणता ते. आयकली होती ना तुमी?"

हा लेख मी सुरू केला तेव्हा ठरवलं होतं, जे इतकी वर्षं सांगत आलो तेच लिहायचं. वर लिहिलंही आहे की एकानंही हाक मारली नाही. ते मी खोडत नाही. तसंच राहू दे. हवेबद्दल खरं न सांगण्याची सवय माणसाला कुठवर नेते, ते त्यात दिसेल. हाक आली होती. मी फाटक ओलांडलं आणि गारा टिनांवर तडतडू लागल्या, त्याच्या वरून, स्पष्ट. "बाबा!" एवढीच. अर्चनाची. माझी पाठ वळणार होती. मानेची शीर वळलीसुद्धा होती. आणि सौद्यांत तीस वर्षं मुरलेल्या माझ्या पायांनी मला सांगितलं, पहिली आहे. दुसरीला वळ.

जीपमध्ये मी वाट पाहिली ती बंडूची नाही आणि गुरुजींचीही नाही. दुसऱ्या हाकेची पाहिली. ती आली नाही, तेव्हा मला वाटलं, पोरीनं मला सोडलं. हाच माझा राग. तो मी नऊ वर्षं पोसला, आणि पोसलेल्या बैलासारखा तो मलाच ढुशा देत राहिला.

कमलला मी विचारलं, "दुसरी काऊन नाई मारली तिनं?"

"भाऊ म्हणला तिले, अजून एक हाक मार, अर्चू, आयकू नसन गेली. तं म्हणते, गेली, मामा. त्यायच्या मानेवरून समजलं मले. दुसरी हाक गिऱ्हाइकाले मारतात."

एवढं सांगून कमल बस पकडायला गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. समोरच्या कडुनिंबाची पिवळी पानं वाऱ्यानं भिंतीशी गोळा होत होती, पुन्हा पसरत होती. शिकवलेलं पोर किती शिकतं, हे बापाला कधी कळेल सांगता येत नाही. आम्ही दोघं त्या मांडवात एकाच नियमानं वागलो होतो. मी दुसऱ्या हाकेची वाट पाहत होतो आणि ती, पहिल्या हाकेला वळणारा कोणी आहे का, ते पाहत होती.

हे झालं काल. आज दुपारी मी गोदामात होतो. कमलचा निर्मलहून फोन आला. मी काही विचारलेलं नसताना म्हणाली, "पैनगंगेच्या पुलावर आले. गाडी लाल हाये यंदा." आणि ठेवून दिला.

पूल ते गोदाम फार तर अर्धा तास. मी बाहेर आलो. नदीच्या बाजूनं तोच काळा पट्टा वर येत होता. वारा पडला होता. बायांची टकटक थांबली. त्यांतली म्हातारी आभाळाकडे पाहून म्हणाली, "सेठ, झाकाचं का?"

"झाका," मी म्हटलं. ताडपत्र्या चिंचेवर ओढल्या गेल्या, कडांवर दगड पडले. मला बरं वाटलं. कारण मिळालं होतं. गारा येतायत, गाडीची काच फुटेल, लेकरू भिईल, दहा मिनिटं आडोशाला थांबा, एवढं तर कोणीही कोणालाही सांगतं. माझ्या फोनमध्ये सगळे व्यापारी गावाच्या नावानं आहेत. तीही तशीच आहे. पठाणकोट. मी लावला.

घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली.

उचलला नाही. माझीच मुलगी. पहिल्या हाकेला कशी वळेल?

चार थेंब पडले, मोठे, धुळीत खड्डे पाडणारे. मग पूर्वेकडून कोणी तरी फाडल्यासारखा तो ढग फाटला आणि एकदम ऊन आलं, धुतलेलं, डोळे दिपवणारं. बाया हसायला लागल्या. "फसवलं मेल्यानं!" म्हातारी म्हणाली, आणि त्यांनी ताडपत्र्या पुन्हा ओढून काढल्या. चिंचेचा आंबट, उबदार वास वर आला. टकटक सुरू झाली. माझं कारण गेलं होतं. हातात नुसता फोन होता.

दुसरी हाक गिऱ्हाइकाला मारतात. गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक. मी पुन्हा लावला.

"हं, बाबा."

ओट्यावरून, कमलच्या फोनमधून येतो तसा तो आवाज नव्हता. कानात होता.

"कुठं आली?"

"चेकपोस्ट सोडलं."

गाडीचा आवाज येत होता. मग तिनं तोच प्रश्न विचारला, जो दर रविवारी ती दुसऱ्याला विचारते.

"तिकडं हवा कशी हाये?"

जिभेवर गारा तयार होत्या. बोराएवढ्या. आंब्याएवढ्यासुद्धा म्हटलं असतं, तर तिनं गाडी थांबवली असती.

"साफ हाये," मी म्हटलं. "ऊन पडलं."

"मंग?"

"मंग काई नाई." मी रस्त्याच्या कडेपर्यंत आलो होतो. "तरी थांब."

मागून बारीक आवाज आला, "मम्मा, कौन है?" रस्त्यावरून ट्रक गेला, तिच्याही बाजूला एक गेला. मी हायवेकडे पाहत होतो. लाल काहीच दिसत नव्हतं.

"पाच मिंटं थांबतो, बाबा," ती म्हणाली. "जास्त नाई. तिकडं वाट पाहून राह्यले."

माझ्या जिभेवर दहा आलं होतं.

मी म्हटलं, "बरं."